अरण्य कोणाचे, हिशेब कोणाचा?

ॲमेझॉन नदीच्या मुखाशी वसलेल्या बेलेम शहरी नोव्हेंबर २०२५ मध्ये जी जागतिक हवामान परिषद भरली, ती अरण्यांची परिषद म्हणून आधीपासून गाजविण्यात आली होती. उष्णकटिबंधातील जंगले राखणाऱ्या देशांसाठी एका कायम स्वरूपाच्या निधीची घोषणा यजमान ब्राझीलने तेथे केली. उद्दिष्ट सव्वाशे अब्ज डॉलरांचे. पदरात पडली ती साडेसहा अब्जांच्या आसपासची आश्वासने. त्यांतले तीन अब्ज एकट्या नॉर्वेचे आणि तेही अटी घालून. वनविनाश थांबविण्याचा मार्गक्रम अंतिम ठरावात यावा अशी अनेक देशांची मागणी होती, ती मात्र मान्य झाली नाही. यजमानांनी तसा मार्गक्रम आपण स्वतंत्रपणे तयार करू असे सांगून वेळ निभावून नेली.

परिषदा येतात आणि जातात. त्यांच्या ठरावांची भाषा वाचून वाचकांस कंटाळा आला असल्यास त्यात नवल नाही. तथापि या सर्व व्यवहारात एक शब्द गेली अठरा वर्षे सातत्याने वापरला जात आहे, आणि त्याच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो शब्द म्हणजे ‘पूर्वसिद्धता’. गरीब व विकसनशील देशांनी आपली जंगले राखावीत, त्यामुळे हवेत जाणारा कर्बवायू वाचावा आणि त्या बचतीचे मोल श्रीमंत देशांनी चुकते करावे, अशी ही योजना आहे. परंतु मोल मिळण्यापूर्वी त्या देशांनी ‘सिद्ध’ झाले पाहिजे. सिद्ध म्हणजे काय, आणि कोणी कोणासाठी सिद्ध व्हायचे, हा खरा प्रश्न आहे.

योजनेचा इतिहास थोडक्यात असा. १९९७ च्या क्योटो करारात उभ्या अरण्याला किंमत नव्हती. त्या कराराखालील यंत्रणेचे नियम २००१ मध्ये मर्राकेश येथे ठरले, त्यांत पूर्वी रान गमावलेल्या जमिनीवर रोपे लावणाऱ्याला श्रेय मिळाले. ज्याने रान तोडलेच नाही त्याच्या वाट्याला काही आले नाही. ही विसंगती २००५ मध्ये मॉन्ट्रियल येथे पापुआ न्यू गिनी आणि कोस्टारिका या दोन लहान देशांनी जगापुढे मांडली. दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ मंडळाने जगाच्या एकूण उत्सर्जनातील सुमारे १७ टक्के वाटा वनविनाश व तत्सम कारणांचा असल्याचे नोंदविले. जगातील सर्व मोटारी, आगगाड्या, जहाजे आणि विमाने मिळून होणाऱ्या धुरापेक्षाही तो अधिक होता. आज हे प्रमाण दशांशाच्या आसपास मानले जाते; मात्र दुसऱ्या बाजूला कोळसा आणि तेल यांचा धूर वाढत गेला, हेही त्याचे एक मोठे कारण आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाली येथील परिषदेने ही कल्पना स्वीकारली, जागतिक बँकेने तेथेच एका वन-कर्ब निधीची घोषणा केली आणि २००८ मध्ये राष्ट्रसंघाच्या तीन संस्थांनी आपला स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून या साऱ्याला ‘रेड’ असे नाव पडले.

सिद्धतेची व्याख्या पुढे २०१० मध्ये कानकुन येथे आणि २०१३ मध्ये वॉर्सा येथे पक्की झाली. देशाने एक राष्ट्रीय धोरण लिहावे. मागील काही वर्षांत सरासरी किती रान तुटले त्यावरून एक आधारपातळी ठरवावी. उपग्रहांच्या व प्रत्यक्ष पाहणीच्या साहाय्याने रानाची मोजदाद करणारी यंत्रणा उभारावी. आणि वनवासी जनतेच्या हक्कांवर गदा येत नसल्याची माहिती वेळोवेळी सादर करावी. आधारपातळीपेक्षा कमी रान तुटले की तो फरक ही बचत, आणि टनाच्या भावाने तिचा मोबदला. वाचताना हे सारे वाजवी वाटते, आणि पुष्कळसे आहेही. परंतु यांतील पहिल्या तीन गोष्टी मोजणीच्या व लेखणीच्या आहेत. चौथीत तेवढी माणसे येतात, आणि तीही ‘माहिती’ या स्वरूपात. शिवाय आधारपातळीचे गणितच असे आहे की, ज्याने कालपर्यंत भरमसाट तोड केली त्याची बचत मोठी दिसते आणि ज्याने मुळातच रान जपले त्याच्यापाशी दाखवायला बचत नसते. दारू सोडणाऱ्याचा सत्कार करावा हे खरे, पण जन्मात न प्यालेल्याला दारावरून परत पाठवावे हा कोठला न्याय? गयाना या देशाने ही अडचण पुढे केली, तेव्हा नॉर्वेने २००९ मध्ये त्याच्याशी वेगळा करार करून तिच्यावर तोडगा काढला. सर्वांनाच असे पाठीराखे मिळत नाहीत.

जागतिक बँकेच्या या निधीच्या सिद्धता-विभागात सत्तेचाळीस देश दाखल झाले. त्यांपैकी ज्या देशाला कर्ब-बचतीचा मोबदला सर्वप्रथम मिळाला, त्याचे नाव गोमंतकीयांना परके नाही. तो देश मोझांबिक. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातील व्हाइसरॉयच्या हाताखाली चालत असे. पुढेही आपल्या कित्येक घराण्यांतील माणसे कारकुनी, वैद्यकी आणि व्यापार यांसाठी तिकडे गेली. झांबेझी नदीच्या खोऱ्यात पोर्तुगीज मुकुटाने ‘प्राझो’ नावाच्या ज्या जहागिऱ्या वाटल्या, त्यांच्या धन्यांत गोमंतकीय वंशाचेही लोक होते, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. त्याच खोऱ्यातील झांबेझिया प्रांत आज या कर्ब-व्यवहाराची पहिली प्रयोगभूमी ठरला आहे.

झांबेझियातील शेतकरी ज्या तुकड्यावर जगतो त्याला तिकडे ‘माशांबा’ म्हणतात. रानातील झुडपे तोडायची, वाळली की जाळायची, राखेत मका आणि कसावा पेरायचा, दोन-चार वर्षांनी जमिनीचा कस उतरला की पुढे सरकायचे. सत्तरी-काणकोणच्या डोंगरांवरील कुमेरी ज्यांनी पाहिली वा ऐकली आहे त्यांना याहून अधिक सांगावयास नको. त्याच्या जोडीला शहरांच्या चुलींसाठी लाकडी कोळसा पाडण्याचा धंदा. रान तुटण्याचे मुख्य कारण सरकारी अहवालांत ही शेती असेच दिलेले असते. ते खोटे नाही. परंतु त्याच प्रांतातून उत्तमोत्तम लाकडाचे ओंडके वर्षानुवर्षे चीनकडे जाणाऱ्या बोटींवर चढत होते, त्यांतले पुष्कळसे बेकायदा, आणि २०१७ साली ओंडक्यांची निर्यात सरसकट बंद करण्यापर्यंत मोझांबिक सरकारला जावे लागले. कोयत्याने झुडूप तोडणारा उपग्रहाच्या चित्रात दिसतो. बंदरातील दस्तऐवजावर सही करणारा त्यात दिसत नाही.

या प्रांतातील नऊ जिल्ह्यांसाठी २०१९ मध्ये मापुतोचे सरकार आणि जागतिक बँक यांच्यात करार झाला. २०२४ पर्यंत एक कोटी टन कर्बवायू वाचवावा, आणि त्याबद्दल पाच कोटी डॉलरांपर्यंत मोबदला घ्यावा. म्हणजे टनाला पाच डॉलर. ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिला हप्ता मिळाला. १२.८ लाख टनांचे ६४ लाख डॉलर! निधीची घोषणा बालीत झाली डिसेंबर २००७ मध्ये. जगातील पहिल्या देशाला पहिला पैसा मिळण्यास जवळजवळ चौदा वर्षे लागली. झांबेझियाची लोकसंख्या २०१७ च्या शिरगणतीत पन्नास लाखांच्या वर होती. करार नऊच जिल्ह्यांपुरता होता हे आम्ही जाणतो. तरीही प्रांताच्या माणशी हिशेब केला, तर तो सव्वा डॉलरच्या आसपास येतो. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी नावाचे चक्रीवादळ याच प्रांताच्या केलिमाने शहराजवळ किनाऱ्यावर चढले, तेव्हा एका रात्रीत झालेली हानी या हप्त्याच्या कितीतरी पट होती. जगाच्या धुरात या शेतकऱ्यांचा वाटा नगण्य. वादळाच्या तडाख्यात मात्र त्यांचा क्रमांक पहिला.

पैसा थोडा, ही आमची मुख्य तक्रार नव्हे. हा करार झाला तो दोन संस्थांमध्ये. ज्याने माशांबा पुढे न सरकवता आहे तेथेच ठेवायची आहे, तो शेतकरी या कराराचा पक्षकार नाही. गावोगावच्या समित्या आहेत, वाटपाचा आराखडा आहे, आणि त्यांतून काही गावांना काही कामे मिळाली हे मान्य. मोझांबिकचा १९९७ चा जमीन कायदा तर आफ्रिकेतील चांगल्या कायद्यांत गणला जातो. जमिनीची मालकी सरकारची, परंतु परंपरेने ती कसणाऱ्या गावांचा वापराचा हक्क कागद नसतानाही मानावा, असे तो म्हणतो. मानणे आणि मोजून देणे यांत अंतर पडते. ज्या गावाची शीव नकाशावर उमटलेली नाही, त्याला आपल्या रानाच्या कर्बाचा भाव विचारण्यास उभे राहायला जागाच नसते. रानातील टनाचा हिशेब सिद्ध झाला. गावाची शीव सिद्ध झाली का, हे कोणी प्रथम विचारले नाही.

झांबेझियाच्या लोकांना बाहेरून येणाऱ्या योजनांचा अनुभव जुना आहे. प्राझो गेले, मग सनदी कंपन्या आल्या. १९३८ पासून सक्तीचा कापूस आला. १९७५ च्या स्वातंत्र्यानंतर सरकारी शेते आली आणि यादवी युद्धाने ती गिळली. आणि १९९० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या अटीवरून कच्च्या काजूच्या निर्यातीवरील निर्बंध सैल झाले. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड जसे गोव्यात रुजले तसेच मोझांबिकमध्ये रुजले होते, आणि काजू फोडण्याच्या कारखान्यांवर तेथील हजारो कामगारांची पोटे अवलंबून होती. कारखाने बंद पडले, कच्च्या बिया प्रामुख्याने भारतात आल्या, आणि शेतकऱ्याला चढा भाव मिळेल हे बँकेचे भाकीत फारसे खरे ठरले नाही. आता त्याच बँकेच्या नव्या कार्यक्रमात, जाळपोळीच्या शेतीला पर्याय म्हणून, काजू लावण्याचा उपदेश आहे. उपदेश चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ऐकणाऱ्याने भुवई उंचावली, तर त्याला अडाणी ठरविण्याचे कारण नाही.

मोजदाद व्यर्थ आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ब्राझीलचे उदाहरण नेमके उलटे सांगते. तेथील राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्था १९८८ पासून ॲमेझॉनचे तुटलेले रान दरवर्षी मोजते आणि आकडा जाहीर करते. २००४ मध्ये तो सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर होता, म्हणजे सात गोवे बसतील एवढा. त्या वर्षी मरिना सिल्वा या पर्यावरणमंत्री असताना सरकारने कृतियोजना हाती घेतली. उपग्रहाची सूचना मिळताच पथके धाडणे, राखीव क्षेत्रे व आदिवासींच्या भूमी घोषित करणे, दोषी तालुक्यांचा सरकारी कर्जपुरवठा रोखणे, असे उपाय झाले. २००६ मध्ये नव्याने तोडलेल्या रानातील सोयाबीन न घेण्याचे मोठ्या व्यापाऱ्यांनी कबूल केले. २०१२ पर्यंत आकडा ४,६०० च्या खाली उतरला. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नॉर्वेच्या पैशाने ॲमेझॉन निधी स्थापन झाला तो २००८ मध्ये. तोवर उतार निम्म्याहून अधिक झाला होता. परकीय पैशाने त्याला हातभार लावला, आरंभ केला नाही.

आणि पुढे काय झाले? २०१९ मध्ये सत्तांतर झाले, वाढत्या वनविनाशाचे आकडे राष्ट्राध्यक्षांना रुचले नाहीत, आणि आकडे देणाऱ्या संस्थेचे संचालक रिकार्दो गाल्व्हाव यांनाच घरी बसविण्यात आले. उपग्रह तेच, संगणक तेच, धोरणाचे कागद तेच; २०२१ मध्ये तुटलेले रान १३,००० चौरस किलोमीटरांवर गेले. २०२३ मध्ये सरकार बदलले, मरिना सिल्वा परतल्या, गोठवलेला निधी खुला झाला आणि आकडा पुन्हा झपाट्याने उतरू लागला. मोजणाऱ्याला बडतर्फीचे भय नसावे, ही अट सिद्धतेच्या कोणत्याही नमुना-अर्जात आम्हांस आढळलेली नाही.

आपल्या देशाची भूमिका या वादात स्वच्छ होती. केवळ तोड कमी करणाऱ्यांनाच नव्हे, तर वने राखणाऱ्या व वाढविणाऱ्या देशांनाही श्रेय मिळाले पाहिजे, असा आग्रह भारताने धरला. ‘रेड’ला पुढे जे अधिकाचे चिन्ह लागले त्यात त्या आग्रहाचा वाटा आहे. २०१८ मध्ये आपले राष्ट्रीय धोरणही प्रसिद्ध झाले. मात्र आपली मोजणी कशी चालते? एक हेक्टर वा अधिक जमिनीवर दशांश छाया पडली की ती वनाच्छादनात जमा. झाड कोणते, जमीन कोणाची, हे पाहायचे नाही. या हिशेबाने गोव्याचे सुमारे साठ टक्के क्षेत्र वनाच्छादित ठरते, आणि दप्तरी वनक्षेत्र मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास भरते. काजूची बागायत, कुळागरे, माडांचे भाट सारे त्या साठात आले. हे वाचून सुखावणाऱ्यांनी डोंगरावर शतकानुशतके उभे असलेले रान आणि परवा लावलेली बाग यांचा कर्ब, पाणी आणि पक्षी एकच आहेत काय, याचा विचार करावा.

कुमेरीचा उल्लेख वर आलाच आहे. मुक्तीनंतरच्या काळात वनखात्याने ती बंद केली. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविणाऱ्या वेळीप व गावडा समाजाला रानाचे शत्रू मानले गेले. त्याच डोंगरांच्या पोटातून, पोर्तुगीजांनी दिलेल्या परवान्यांच्या आधारे, खनिजाचे खंदक मात्र खोल होत गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते थांबविले तेव्हा झालेल्या हानीचे माप कोणाच्या हिशेबात धरायचे हे ठरले नव्हते. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरागत वनवासींचा हक्क मान्य केला. गोव्यात हजारो दावे दाखल झाले. मोजणी झाली नाही, ग्रामसभेला गणसंख्या भरली नाही, कागद अपुरे, अशा कारणांनी कित्येक दावे दहा-दहा वर्षे रेंगाळले. झांबेझियातील शेतकऱ्याची आणि काणकोणातील वेळीपाची अडचण एकाच जातीची आहे. मेघालयातील खासी डोंगरांत मावफ्लांग परिसरातील दहा पारंपरिक संस्थानांनी एकत्र येऊन आपले रान राखण्याचा जो प्रकल्प २०११ पासून चालविला, तो देशातील या प्रकारचा पहिला समजला जातो. तो उभा राहू शकला, कारण तेथे रान गावसंस्थांचे आहे याविषयी शंका नव्हती. सौदा कोणाशी करायचा हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

राहता राहिली देणेकऱ्यांची सिद्धता. नॉर्वेला आम्ही श्रेय देतो. २००७ मध्ये दरसाल तीन अब्ज क्रोनरपर्यंत देण्याचे त्याने जाहीर केले आणि इतरांपेक्षा पुष्कळच पाळले. तो पैसा ज्या खजिन्यातून येतो तो उत्तर समुद्रातील तेलावर आणि वायूवर भरला आहे, हेही नमूद केले पाहिजे. त्याच नॉर्वेचा इंडोनेशियाशी २०१० मध्ये एक अब्ज डॉलरांचा करार झाला. तोड कमी झाल्याचे मान्य होऊनही पहिले ५ कोटी ६० लाख डॉलर वेळेवर पोचले नाहीत, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये इंडोनेशियाने तो करारच मोडला. वर्षभराने नवा करावा लागला. युरोपीय संघाने २०२३ मध्ये एक चांगला कायदा केला. नव्याने तोडलेल्या रानातले गोमांस, सोयाबीन, पामतेल, कोको, कॉफी, रबर व लाकूड आपल्या बाजारात येऊ द्यायचे नाही. त्याची अंमलबजावणी २०२४ च्या अखेरीस एक वर्षाने पुढे ढकलण्यात आली आणि २०२५ च्या अखेरीस आणखी एक वर्षाने. दुसऱ्या वेळी युरोपीय आयोगाने पुढे केलेले कारण मोठे बोलके होते: माल नोंदविण्याची संगणक-व्यवस्था एवढा भार पेलण्यास सिद्ध नाही! मोझांबिकने चौदा वर्षे परीक्षा द्यावी आणि ब्रुसेल्सने स्वतःच स्वतःला मुदतवाढ द्यावी, असा हा न्याय आहे.

बेलेमच्या नव्या निधीत एक सुधारणा आहे, ती मोकळेपणी मान्य केली पाहिजे. त्यात टनांचा व बचतीचा किचकट हिशेब सोडून, उभ्या रानाला हेक्टरी सुमारे चार डॉलर दरसाल देण्याची आणि तोड झाल्यास त्यातून कापून घेण्याची कल्पना आहे. रान जपलेल्यालाही यात वाटा मिळतो. निदान वीस टक्के रक्कम वनवासी व स्थानिक समाजांकडे जावी असेही ठरले आहे. परंतु निधी गुंतविला जायचा तो बाजारात, आणि देशांना मिळायचे ते वरच्या नफ्यातून. बाजार पडला तर काय, याचे उत्तर समाधानकारक नाही. आणि ते वीस टक्के कोणाच्या नावे जमा व्हायचे? ज्यांच्या नावावर रान नाही त्यांच्या नावावर पैसा जमा होत नसतो. तो जिल्ह्याच्या कचेरीत थांबतो.

म्हणून आमची मागणी दोन ठिकाणी आहे. भारत सरकारने या निधीविषयीच्या पुढील बोलण्यांत, कोणत्याही देशाला सिद्ध ठरविण्यापूर्वी त्याने किती गावांच्या शिवा मोजून त्यांच्या हाती दिल्या हा आकडा टनांच्या आकड्याबरोबर मागितला जावा, असा प्रस्ताव मांडावा. तसा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार अंगी यावा यासाठी गोवा सरकारने सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा आणि काणकोण या तालुक्यांतील वनहक्कांच्या दाव्यांची गाववार यादी, प्रत्येक दावा कोणत्या कचेरीत किती दिवस पडून होता याच्या नोंदीसह, प्रसिद्ध करावी.